धुऊन टाकलेलं वर्तुळ

चारू,

परवा तुझा तेरावा झाला. साठ पानं उठली आणि हात धुवायला जाताना जवळजवळ प्रत्येकाने मला सांगितलं, वहिनी, तुम्ही तिला आईसारखं सांभाळलंत. मी मान हलवत होते, विडे पुढे करत होते आणि मनात एकच गोष्ट घोळत होती. कोल्हापूरच्या दवाखान्यात त्या दुपारी तू माझा हात धरून विचारलंस, "वहिनी, त्या वर्षी शेड धुतलीस, ती धुण्याआधी बघितलं होतंस का गो नीट?" आणि मी म्हणाले, "कुठलं बघत्ये! आंब्याची गाडी यायची होती. तू झोप बघू आता." तू डोळे मिटून घेतलेस. त्यानंतर चार दिवस होतीस, पण तो विषय पुन्हा काढला नाहीस.

मी खोटं बोलले, चारू. निघायच्या वाटेवर असलेल्या माणसाने एवढंसं विचारलं आणि मला खरं सांगवलं नाही. म्हणून आज दुपारची कामं आटोपून हे लिहायला बसले आहे. मला लिहायची सवय नाही, हे तुला ठाऊक आहे. माझं लिहिणं आंब्याच्या पेटीवर खुणा करण्यापुरतं. तेव्हा वाकडंतिकडं होईल ते चालवून घे. रेषेवरून न ढळण्याचं काम तुझं होतं, माझं नव्हे.

पेपरात तुझा फोटो आला. खाली 'राष्ट्रीय विजेत्या स्केटर आणि चित्रकर्त्या' असं छापलंय. पदकं, प्रदर्शनं, सगळं आहे त्यात. तुझ्या दादाने कात्रण कापून देवघराच्या खणात ठेवलंय. मी वाचलं आणि वाटलं, या कोण मोठ्या बाई? मला जी ठाऊक आहे ती केसांना तेल लावू न देणारी, फणसाची भाजी दिसली की जेवायला न येणारी आणि भांडण झालं की न्हाणीघरात जाऊन कडी लावून घेणारी. मी तुला एरवी नावाने हाक मारायचे, पण फार राग आला की 'वन्सं' म्हणायचे. "वन्सं, आपण आता बाहेर येता का?" ते ऐकलं की आतून तुझं हसू फुटायचं आणि भांडण तिथेच बारगळायचं.

मी देवरूखहून लग्न करून तुमच्या घरी आले तेव्हा तू बारा वर्षांची होतीस. दुसऱ्याच दिवशी दुपारी मागच्या बाजूने घर्र घर्र आवाज यायला लागला. मला वाटलं, तुमच्याकडे भाताची गिरणी आहे. बघायला गेले तर आंब्याच्या रिकाम्या शेडीत तू. मुंबईच्या आत्याने पाठवलेले चाकांचे बूट, दोन नंबर मोठे, पुढे कापूस कोंबलेला. मला बघून थांबायला गेलीस आणि थेट पेंढ्याच्या ढिगात गेलीस. डोक्यात काड्या घेऊन वर आलीस आणि म्हणालीस, "कोणाला सांगू नको हां." सांगण्यासारखं काय होतं त्यात, आवाज तर अर्ध्या वाडीला ऐकू जात होता.

पुढे लोक मला कायम विचारायचे, तुमची नणंद बर्फावर घसरते ना? मी म्हणायचे, अहो, आमच्या रत्नागिरीत बर्फ जेटीवरच्या मासळीच्या ट्रकात असतो, तिथे घसरायला कोण जाणार? ती कोब्यावर चाकांनी जाते. तुझा खास प्रकार तर समजावून सांगायलाही कंटाळवाणा. उड्या नाहीत, गाणं नाही. जमिनीवर वर्तुळ आखलेलं असतं, त्याच्या रेषेवरून एका पायावर अख्खी फेरी मारायची, मग दुसऱ्या पायावर. परीक्षक कमरेत वाकून चाकाकडे बघत असतात. चाक रेषेवरून बोटभर ढळलं की गुण गेले. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हटलं, एवढं करून काय, फिरून होतो तिथेच येणार ना? तू म्हणालीस, "तिथेच यायला जमलं पाहिजे ना गो वहिनी."

ते पहिलं वर्तुळ मीच आखलं होतं, हे पेपरवाल्यांना कुठून माहीत असणार? स्केटिंगच्या सरांनी सांगितलं होतं की घरी सरावाला पक्कं वर्तुळ हवं. तुझ्या अण्णांची सक्त ताकीद होती की शेडीच्या कोब्यावर कोणी एक रेघसुद्धा मारायची नाही. अण्णा जेवून आडवे झाले, तेव्हा मी सुतळी घेतली, मधे खिळा, दुसऱ्या टोकाला गेरूत बुडवलेला काथ्याचा बोळा, आणि ओणवी होऊन मागे मागे सरकत फिरवली. तू खिळा धरून बसली होतीस आणि हसू आवरत नव्हतं म्हणून खिळा हलवत होतीस. त्यामुळे ते वर्तुळ एका बाजूला जरा पोट सुटल्यासारखं झालं. चारच्या चहाला अण्णा उठले आणि शेडीच्या दारात उभे राहिले.

"कोणी आखलंन हे?"

नवी सून मी. म्हटलं, "मामंजी, मोठ्या रांगोळीचा अंदाज घेत्ये. तुळशीच्या लग्नाला काढीन म्हणत्ये."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं, तुझ्या पायातल्या बुटांकडे बघितलं. म्हणाले, "रांगोळी चाकांवर बसून काढतात वाटतं तुमच्या देवरुखात?" आणि निघून गेले. वर्तुळ राहिलं. त्या दिवशी अण्णा मला आवडायला लागले.

पण अण्णांनी त्याबरोबर एक नियमही घालून दिला, तो आपल्या घरात अजून चालतो. आंबा सुरू झाला की शेड आंब्याची. पहिली, मुहूर्ताची पेटी शेडीतूनच भरून जाणार. त्याआधी कोबा घासूनपुसून धुवायचा आणि पहिली बादली घरच्या सुनेने ओतायची, मग बायका खराटे घेऊन आत येणार. त्यामुळे तुझी वर्तुळं दर वर्षी फेब्रुवारीत माझ्याच हाताने पुसली जायची आणि पावसाळा लागला की माझ्याच हाताने पुन्हा आखली जायची. तुझं वर्ष जूनला सुरू व्हायचं आणि माझं फेब्रुवारीत. आपल्यातली वाटणी अशी होती आणि पुष्कळ वर्षं ती बिनतक्रार चालली.

तुझे कपडेही मीच शिवायचे. पुण्याच्या त्या स्पर्धेसाठी माझ्या शालूच्या काठाची जर काढून झगा शिवला होता. तुझे दंड सहा महिन्यांत भरलेत हे माझ्या लक्षात आलं नाही आणि बाह्या इतक्या घट्ट झाल्या की तुला हात खांद्यावर नेता येईनात. मैदानात उतरायला पाच मिनिटं असताना हे कळलं. मी रडायला लागले. तू म्हणालीस, "रडू नकोस, फाटेल असं काही मी करणारच नाही." हात खालीच ठेवून तू दोन्ही फेऱ्या केल्यास आणि पहिली आलीस. एका परीक्षकबाईंनी मुद्दाम येऊन सांगितलं, मुलीचे हात किती शांत आहेत. परतीच्या एसटीत आपण आंबा घाट उतरेपर्यंत हसत होतो. ते पदक खरं म्हणजे माझ्या चुकीच्या मापाचं आहे, असं तू सगळ्यांना सांगायचीस.

मग गुडघा गेला. त्यावर फार लिहीत नाही. चोवीस वर्षांची होतीस. ऑपरेशननंतर घरी आलीस आणि अख्खा पावसाळा शेडीच्या उंबऱ्यावर पाय लांब करून बसलीस. मी जेवायला हाक मारली की यायचीस, ताट पुढे केलं की जेवायचीस. मी तुला बडबड करून भंडावलं. स्थळं आणली. माझ्या मावसभावाचंसुद्धा आणलं होतं, तेव्हा मात्र तू तोंड उघडलंस. "वहिनी, त्याला घोरायची सवय आहे असं तूच सांगितलं होतंस."

चित्रं तू शाळेपासून काढायचीस, पण त्यांना कोणी मनावर घेतलं नव्हतं. मीही नाही. देवरूखच्या शाळेत चित्रकला शिकवायला लागलीस, आठवड्यातून दोन दिवस माझ्या माहेरी जेवायचीस, तेव्हा मला वाटलं, मार्गी लागली. माझी आई तुला माझ्यापेक्षा जास्त लाडाने वाढायची आणि मला फोन करून सांगायची, "तुझ्यापेक्षा गुणी आहे हो."

असं सुरळीत चाललं असताना एका वर्षी गणपती उठले आणि तू पुन्हा बूट चढवलेस. तीस वर्षांची होतीस. मी ओरडत शेडीत आले, तर तू शांतपणे चाकांना ब्रशने रंग लावत होतीस. चाळलेली तांबडी माती, गेरू, काजळी, चुना, नीळ, सगळं डिंकाच्या पाण्यात कालवलेलं. म्हणालीस, "उड्या मारत नाहीये. रोज एकच फेरी. दुखऱ्या पायावर."

आणि खरंच रोज एकच. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एवढं मोठं वर्तुळ. रंग जेमतेम अर्ध्या फेरीला पुरायचा, पुढे चाक कोरडंच फिरायचं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या ठिकाणाहून सुरुवात. ज्या दिवशी गुडघा दुखायचा त्या दिवशी रेघ बाहेर जायची, लटपटायची. मी एकदा ओल्या फडक्याने तसली एक रेघ पुसायला गेले, तर तू अशी ओरडलीस की माझ्या हातातून फडकं पडलं. "ती मंगळवारची आहे!" मला काही कळलं नाही. रेघ चुकली तर पुसायची, एवढंच मला तू लहानपणापासून शिकवलेलं.

माघ संपत आला आणि मुंबईहून ती दोन माणसं आली, प्रदर्शनं भरवणारी. तुझं वर्तुळ अजून आठेक फेऱ्या कमी होतं. ते कोब्याभोवती फिरले, उकिडवे बसले, इंग्रजीत बोलले. पूर्ण झालं की चांगला कॅमेरा घेऊन येतो म्हणाले. मी दारात उभी होते. बाविसाव्या वर्षापासून ती शेड मी चालवत होते, चारू. बायका आणणं, पेंढा अंथरणं, आंबा निवडणं, गाडी वेळेवर काढणं, सगळं माझ्याकडे. त्यातल्या एकाने तुझ्या दादाला विचारलं, "ही जागा एरवी कसली?" दादा म्हणाले, "आमची आंब्याची शेड आहे." आमची! मग तो माझ्याकडे वळून म्हणाला, "काकू, जरा चहा मिळेल का?"

माझ्याच वयाचा असेल मेला.

मी चहा केला. आलं घालून केला. तू त्यांच्याशी हात हलवून हलवून बोलत होतीस, तुझे गाल लाल झाले होते. तुला बिचारीला काय ठाऊक मला काय झालंय? कप ट्रेमधून उचलताना तू माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. एवढंसं कारण. लिहिताना मलाच लाज वाटते, पण कारण तेवढंच होतं.

आठवड्याने तू दापोलीला गेलीस, मुलांच्या चित्रकलेच्या शिबिराला, दोन दिवस. जाताना बजावलंस, "वहिनी, कालच पूर्ण झालंय. शुक्रवारी कॅमेरावाले येतील, तोवर धुऊ नकोस." मी हो म्हटलं. त्याच संध्याकाळी व्यापाऱ्याचा फोन आला की समुद्राकडच्या कलमांचा आंबा तयार असेल तर परवा पेटी द्या. तुझे दादा म्हणाले, "अगो, चार दिवस मांडवात भरू. चारूचं काम होऊन जाऊ दे." मी ताडकन म्हणाले, "मुहूर्ताची पेटी शेडीतूनच जाते. अण्णांचा नियम आहे." अण्णा जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती आणि ते असते तर त्यांनीच मांडव घालायला सांगितला असता.

तू परत आलीस तेव्हा कोबा स्वच्छ होता. पन्हळीत तांबडं पाणी वाळून तडकलं होतं. तू दारात उभी राहिलीस, पिशवी खांद्यावरच. मी आधीपासून तयार करून ठेवलेलं वाक्य म्हटलं, "अगो, मला वाटलं त्या माणसांनी त्याच दिवशी फोटो काढले. आता काय करायचं?" तू पिशवी उतरवून भिंतीशी ठेवलीस. मग म्हणालीस, "वहिनी, जेवलीस का? चेहरा उतरलाय तुझा." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बायकांच्या ओळीत बसून पेट्यांना लेबलं लावत होतीस.

ते वर्तुळ तू पुन्हा केलं नाहीस. पुढच्या पावसाळ्यात मांजरपाटाचे ताव शिवून घेतलेस आणि कोब्यावर ते अंथरून त्यांच्यावर चाकं फिरवायला लागलीस. गुंडाळून नेता येणारी चित्रं. ती कुठे कुठे गेली, तुझं नाव झालं. एका मुलाखतीत तू म्हणालीस की मला जमिनीवरून कापडावर माझ्या वहिनीने आणलं. समोरच्या सगळ्यांनी माझ्याकडे बघून टाळ्या वाजवल्या. तुझे दादा तर अजून म्हणतात की तेव्हा शेड धुतली गेली नसती तर चारू एवढी मोठी झालीच नसती. मी त्या टाळ्या घेतल्या, चारू. त्या आडोशाला चौदा वर्षं सुखाने बसून राहिले.

तू मात्र मधूनच खोडी काढायचीस. पापड लाटताना, एसटीची वाट बघताना, "वहिनी, खरं सांग, मुद्दाम धुतलंस ना?" मी म्हणायचे, "हो, माझ्यामागे दुसरी कामं नव्हती!" तू हसायचीस, मी हसायचे. तशीच तुझी दुसरी टकळी, "एकदा बूट घालून बघ गो." मी म्हणायचे, हाडं मोडली की तूच करशील का स्वयंपाक? दोन्हींवर आपण हसून विषय संपवायचो. आता दादांनी सांगितलं ते ऐकून मला हसण्याचीही भीती वाटते. तेराव्याच्या दुपारी माणसं पांगल्यावर मी त्यांना म्हटलं, "अहो, ते वर्तुळ मी जाणूनबुजून धुतलं होतं." ते सुपारी कातरत होते, कातरतच राहिले. म्हणाले, "चारूला ठाऊक होतं. तिने मला तेव्हाच बजावलंन, वहिनीला काही विचारायचं नाही, ती आपणहून सांगेल."

म्हणजे तू चौदा वर्षं थट्टा करत नव्हतीसच, मेले. दार किलकिलं करून देत होतीस आणि मी दर वेळी ते हसून लोटून घेत होते.

मग दवाखान्यात तू प्रश्न बदललास. मुद्दाम धुतलंस का, हे विचारलंच नाहीस, ते तू सोडून दिलं होतंस. ते वर्तुळ पूर्ण झालेलं जगात कोणी पाहिलंच नव्हतं. मुंबईवाल्यांनी नाही, दादांनी नाही. तू शेवटची फेरी मारून लगेच पिशवी भरायला घेतलीस. पाहिलं असेल तर एकटीने, मी. आणि तुला तेवढंच हवं होतं, निदान कोणीतरी पाहिलं का. त्यावर मी तुला गाडी यायची होती म्हणून सांगितलं.

तर ऐक आता.

त्या सकाळी बायका यायच्या तासभर आधी मी किल्ली घेऊन गेले. बादली भरून दाराशी ठेवली. मनात ठरलेलं होतं, चहाचा राग पुरता शिल्लक होता. दार उघडलं. पूर्वेच्या झरोक्यांतून ऊन कोब्यावर आलं होतं, आणि ते तुझं वर्तुळ तिथे होतं. मी इतके महिने त्याच्या कडेकडेने गेले होते, पण कधी थांबून बघितलं नव्हतं. लांबून एकच जाडसर पट्टा दिसायचा. जवळ गेले तर त्यात पावसाळ्यानंतरचे सगळे दिवस वेगवेगळे. कुठे तांबडं काजळीत गेलेलं, कुठे निळीची बारीक रेघ कोरडी होत होत संपलेली. दिवाळीनंतर तुला बरं नव्हतं, त्या दिवसांच्या रेघा थरथरत बाहेर गेलेल्या आणि पुढे सगळ्यांत येऊन मिसळलेल्या. मंगळवारची मी ओळखली. मला चित्रातलं कळत नाही, पण गणपतीपासून माघापर्यंत ती पोर किती दुखणं गिळून रोज उठली, हे मला त्यात एवढं सरळ दिसलं की मी मटकन खालीच बसले.

मग काय वाटलं कोण जाणे, चपला काढल्या, पदर खोचला आणि त्या पट्ट्यावर पाऊल ठेवलं. एकापुढे एक. एक्केचाळीस वर्षांची बाई, हात पसरून, तोल सांभाळत. तुझी रेघ जिथे बाहेर गेली तिथे मीही गेले, आत आली तिथे आत. पहिली फेरी भीतभीत केली. पुरी झाल्यावर थांबायचं होतं, पण पाय थांबेनात. त्या शेडीत मी आयुष्य काढलं, चारू, पण तिथे मी एकदाही काम सोडून चालले नव्हते. तेव्हा मला कळलं तू दुपारभर तिथे काय करायचीस ते. आणि बादली दाराशीच राहू द्यावी असं माझ्या मनाने घेतलं. दादांना सांगायचं, घाला मांडव.

तेवढ्यात बाहेरून कामाच्या बायकांतल्या शेवंतीचा आवाज आला, "वैनी, आत हाय काय कोन? पानी मारुया ना?" मागे सगळ्या बायका खराटे घेऊन. आणि मी मधोमध, पदर खोचलेला, हात पसरलेले, तळवे तांबडे. आदल्या संध्याकाळी अण्णांच्या नावाने भांडलेली मी आता काय तोंडाने सांगणार होते की आज धुवायचं नाही? मी धावत गेले, बादली उचलली आणि ओतली. तो राग नव्हता. राग तर तासाभरापूर्वीच गेला होता. चार बायकांपुढे माझा शब्द खाली पडू नये, एवढ्यासाठी मी तुझं पाच महिन्यांचं काम पाण्यात घातलं. ते मी कोणालाच कधी सांगितलं नाही.

परवा आंबा निघेल. शेवंती सकाळी विचारून गेली, पाणी कधी मारायचं. मी म्हटलं, उद्या. सांगताना रडू आलं, तिने पाठीवरून हात फिरवला. "पोर गेली वो वैनी," म्हणाली. तिला वाटलं, मी फक्त त्यासाठीच रडत्ये.

क्षमा मागायला तू समोर हवीस, नुसत्या फोटोपुढे मला ती मागता येत नाही. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मात्र देऊन टाकते. बघितलं होतं, चारू. नीट बघितलं होतं. तीन फेऱ्या चालून बघितलं, आणि शेवंतीने हाक मारली तेव्हा मी चौथी सुरू केली होती.